अकरा वर्षं जुन्या डबड्यावर लिनक्स मिंट, खर्च २,३९० रुपये

घरचा कॉम्प्युटर २०१४ च्या चवथीच्या आधी घेतलेला. चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. आला तेव्हा विंडोज ७ होतं, मग फुकट अपग्रेड मिळत होतं तेव्हा १० वर नेला. गेली दोन वर्षं मात्र अशी अवस्था की बटण दाबायचं, चहा ठेवायचा, पिऊन कप विसळून ठेवायचा आणि मग कुठे बाबांचा भजनी मंडळाचा फोल्डर उघडायचा. वापरणारे मुख्य म्हणजे बाबाच, मराठी शाळेतून रिटायर झालेले मास्तर, त्यांना टायपिंग, यूट्यूबवर कीर्तनं, मेल आणि क्रिकेट एवढंच लागतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्याच्या आधीपासून स्क्रीनवर सूचना यायला लागल्या, बाबा रोज फोन करून विचारायचे, "अरे, आता हा बंद पडणार का रे?" बंद काही पडत नाही, सिक्युरिटी अपडेट यायचे थांबतात एवढंच. पण ज्या मशीनवरून बँकेचं पान उघडलं जातं तिथे ते "एवढंच" नाही. विंडोज ११ आमच्या मशीनला अधिकृतपणे चालत नाही कारण त्याला टीपीएम २.० (बोर्डावरची सिक्युरिटीची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आमचा चौथ्यातच अडकलेला.

म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो तेव्हा एका दुकानात विचारलं (नाव देत नाही). त्याने मशीन न बघताच निकाल दिला, "पात्रांव (म्हणजे साहेब), हें आतां भंगारांत घाल." नवीन २८ हजारांना, नाहीतर १,२०० रुपयांत "अकरा मारून देतो". ते मारणं म्हणजे काय ते मला माहीत होतं, रुफस नावाच्या प्रोग्रॅमने इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएमची अट काढून टाकता येते आणि चालतंही, पण पुढचं मोठं व्हर्जन आपोआप येईलच याची खात्री नसते. बाबांच्या मशीनवर मला दर वर्षी ती कसरत नको होती. दुसरा मार्ग होता विंडोज १० चेच वाढीव अपडेट घ्यायचे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. ज्याचं काम विंडोजशिवाय अडतं त्याने तेच करावं, त्यात लाज काही नाही. पण त्याने आमचा चहाचा प्रश्न सुटणार नव्हता.

म्हणून लिनक्स मिंट घालायचं ठरवलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. तर खर्च असा. २५६ जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) १,८५०, जुन्यातली ४ जीबी डीडीआर३ रॅम ५००, आणि बोर्डावरचा नाण्याएवढा सेल ४० (तो मेला होता म्हणून घड्याळ सारखं मागे जायचं आणि मग बँकेची साइट उघडायची नाही, हे वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं). ऑपरेटिंग सिस्टीमचे शून्य रुपये. कॅबिनेट उघडलं तर आत पालीची तीन अंडी आणि पंख्यावर धुळीची गोधडी, आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने ती धूळ चिकट होते, नुसती फुंकून निघत नाही, ब्रश लागतो.

मिंटच्या तीन आवृत्त्या असतात, सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. जुन्या मशीनला एक्सएफसीई घ्या, दिसायला साधी आहे पण हलकी. मी २२ च्या मालिकेतली घातली, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मिंटच्या प्रत्येक नव्या व्हर्जनला बाईचं नाव असतं, विल्मा, शिया, झारा, बाबांना हे फार आवडलं, म्हणे आमच्या वेळी वादळांना द्यायचे. फाइल तीनेक जीबीची, एचर नावाच्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवली. सगळ्यात चांगली गोष्ट ही की इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तिथेच तपासून घ्या, घाई करू नका. मी घाई केली.

नरकचतुर्दशीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री बसलो होतो. वाड्यावरच्या पोरांनी डीजे लावलेला, खिडक्या थरथरत होत्या, मी आपला पार्टिशन करतोय, म्हणजे डिस्कचे भाग पाडतोय. जुनी डिस्क पुसली नाही, एसएसडीवर मिंट घातलं आणि जुनी दुसऱ्या वायरीवर तशीच ठेवली. पाऊण तासात मशीन उभं. बटणापासून डेस्कटॉपपर्यंत २५ सेकंद! बाबा म्हणाले परत बंद करून दाखव. चार वेळा दाखवलं. खरं सांगायचं तर यातला मोठा वाटा एसएसडीचा आहे, मिंटचा कमी, तुम्ही विंडोज १० वरच राहणार असलात तरी आधी एसएसडी घाला. मिंटमधल्या डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघितली तर रिअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदलावे लागलेले तुकडे) वाढलेले, म्हणजे ती मरायलाच टेकली होती आणि आम्ही शिव्या घालत होतो प्रोसेसरला.

मग त्रास सुरू. एक, जुन्या डिस्कवरच्या फाइली दिसतात पण काही सेव्ह होत नाही. कारण विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप. आपण शटडाउन म्हणतो पण ते पूर्ण बंद होतच नाही, मग लिनक्स सावधपणे ती डिस्क नुसती वाचायला देतं. परत विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून शटडाउन केलं, सुटलं.

दोन, आणि इथे माझा रविवार गेला. बाबांनी पंधरा वर्षं भजनं आणि गावच्या जत्रेच्या नाटकांच्या संहिता जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केल्यात. त्या फॉन्टमध्ये मागे इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वरून फक्त रूप मराठी. लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं) उघडलं तर पानभर इंग्रजी अक्षरांची उसळ. बाबा काही बोलले नाहीत, नुसते उठून गॅलरीत जाऊन बसले, ते बोलण्यापेक्षा वाईट. जुनी डिस्क पुसली नव्हती म्हणून वाचलो, विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून त्या टीटीएफ फाइली उचलल्या, मिंटच्या होममध्ये फॉन्टच्या फोल्डरात टाकल्या, लिब्रेऑफिस बंद करून उघडलं आणि "जय जय राम कृष्ण हरी" जागेवर आलं. काही ठिकाणी ओळी पुढेमागे झाल्यात, प्रिंट काढण्याआधी बघावं लागतं. पण त्या फॉन्टमध्ये नवीन टाइप करायचा कीबोर्डचा प्रोग्रॅम विंडोजचाच, तो इथे नाही. नवीन लिखाण आता युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहतं अशा पद्धतीत. आयबस आणि एम१७एन (टायपिंगसाठीचे प्रोग्रॅम) घातलं की मराठीला इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स असे कीबोर्डचे पर्याय येतात. बाबांना फोनेटिक जमलं, 'ज्ञ' साठी मात्र अजून मला फोन येतो.

तीन, प्रिंटर. आमचा जुना लेझर प्रिंटर काही केल्या चालला नाही, हे पेन ड्राइव्हवरूनच कळलं असतं. एचपीचे बरेचसे प्रिंटर सरळ चालतात असा माझा ऑफिसातला अनुभव आहे, पण कुठलाही असो, आधी तपासा. सध्या बाबा पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर घेतात आणि बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात, तिथे गप्पाही होतात, त्यामुळे तक्रार माझीच आहे, त्यांची नाही.

बाकी फायरफॉक्स, यूट्यूब, मेल सगळं नीट. क्रिकेटच्या साइटला फायरफॉक्स डीआरएम (व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणूनची सोय) चालू करू का विचारतो, एकदा हो म्हणायचं. व्हॉट्सअॅप ब्राउझरमधूनच. टॅली वापरणाऱ्यांनी किंवा डिजिटल सहीचा डोंगल लावून रिटर्न भरणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, आमच्या शेजारच्या काकांना मी स्पष्ट नाही म्हटलं, ते थोडे रागावलेत. मिंटमधला टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी चालू करा, अपडेटनंतर काही बिघडलं तर मागच्या तारखेला जाता येतं. फक्त तो सिस्टीमचा स्नॅपशॉट (त्या वेळची प्रत) घेतो, तुमच्या फोटोंचा नाही, फोटो वेगळे कॉपी करा. मी जुन्या डिस्कवरचे सगळे काढून घेतले, दोन ठिकाणी ठेवले.

पाच महिने झाले. वीज गेली की यूपीएस टूंटूं करतो, बाबा शांतपणे बंद करतात, आली की परत चालू, पूर्वी वीज आली तरी "राहू दे, उद्या बघू" असायचं. पाचपैकी चार स्टार, एक प्रिंटरसाठी कापला. दुकानाला स्टार देत नाही, पण जुनी ५०० जीबीची डिस्क मात्र त्याच्याच सल्ल्याने भंगारात जाणार आहे, फोटो एकदा आईने बघून सगळे आलेत म्हणून सांगितलं की.