जीमॅटच्या मोफत सराव परीक्षा : क्लास लावायच्या आधी या द्या

चाकणला एका कंपनीत क्वालिटीत काम करते. शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात. गणित कायम आवडीचं, तरी एमबीएच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेच्या तयारीत माझे दोन महिने फुकट गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

एमबीए डॉट कॉमवर खातं उघडलं की दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत मिळतात, त्याही परीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेच्याच. मी त्या क्लास लावून तीन महिने झाल्यावर दिल्या, तिथंच चुकलं. क्लासच्या जाडजूड नोट्समध्ये त्रिकोण, वर्तुळं, घनफळं खच्चून भरलेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं तेव्हाच क्वांटमधून, म्हणजे गणिताच्या विभागातून, भूमिती गेली होती. आता तिथं अंकगणित आणि बीजगणित, ४५ मिनिटांत २१ प्रश्न. सरांना विचारलं, तर म्हणाले, "करून ठेव, बेसिक पक्कं होतं." शिफ्ट सांभाळून मिळणारे आठ रविवार मी त्या वर्तुळांत घातले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सराव परीक्षेत पहिल्या दहा मिनिटांत कळलं की अडचण वेगळीच आहे. क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर नाही. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. खूण करून ठेवलेल्या प्रश्नांकडे शेवटी परत येता येतं, पण उत्तरं बदलता येतात फक्त तीन, तीही वेळ उरला तर. हे वाचून समजत नाही, घड्याळ समोर पळत असताना समजतं. पहिल्या वेळी माझे चार प्रश्न राहिलेच. तेव्हापासून तीसपर्यंतचे पाढे पुन्हा पाठ केले. आजोबांनी लहानपणी घोकून घेतलेली पाऊणकीसुद्धा कामाला आली : ६४ चे ७५ टक्के म्हटलं की हात कागदाकडे न जाता ४८ येतात.

डेटा सफिशिअन्सी, म्हणजे दिलेली विधानं उत्तराला पुरेशी आहेत का एवढंच ठरवायचे प्रश्न, आता क्वांटमध्ये नाहीत, डेटा इनसाइट्स या वेगळ्या विभागात आहेत. माझे सगळ्यात जास्त गुण तिथं गेले. तिथं कॅल्क्युलेटर मिळतो, पण या प्रश्नांना त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याच धाटणीचा एक प्रश्न देते. क्ष सम आहे का? पहिलं विधान : क्ष ची तिप्पट सम आहे. दुसरं : क्ष चा वर्ग सम आहे. मी धडाधड ठरवलं, कुठलंही एक विधान पुरे. पण क्ष पूर्णांक आहे असं म्हटलंय कुठे? क्ष दोन तृतीयांश असेल तर तिप्पट २ येते. क्ष दोनचं वर्गमूळ असेल तर वर्ग २ येतो. दोन्ही विधानं एकत्र घेतली तरच क्ष पूर्णांक ठरतो आणि समही. शाळेत आपण उत्तर काढायला शिकलो, इथं उत्तर निघेल का एवढंच विचारतात. ही सवय मोडायला मला महिना लागला.

उणीव एकच. सराव परीक्षा पुन्हा देता येते, पण ओळखीचे प्रश्न भेटतात आणि गुण फुगतात. त्या गुणांवर विसंबू नका. पहिली परीक्षा अभ्यास सुरू करण्याआधी कोऱ्या डोक्यानं द्या, दुसरी खऱ्या परीक्षेच्या दोन आठवडे आधीपर्यंत उघडूसुद्धा नका. माझा क्वांट ७४ वरून ८२ वर आला तो क्लास सोडल्यानंतर, रोज रात्री नऊ ते साडेदहा, चुकांची वही समोर ठेवून.