खारवट की चोपण? जिप्समची ऑर्डर द्यायच्या आधी ढेकूळ भिंगाखाली धरा

कृष्णाकाठच्या उसाच्या रानात वर्षानुवर्षं पाटानं पाणी सोडलं, निचऱ्याचं कुणी बघितलं नाही, की एक दिवस रान पांढरं पडतं आणि लगेच कुणीतरी सांगतं जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) टाका. जरा थांबा. खारवट म्हणजे क्षार साठलेलं रान, चोपण म्हणजे मातीत सोडियम जास्त झालेलं रान, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

खारवट रानातलं वाळलेलं ढेकूळ हळूच फोडा आणि दहापट भिंगातून बघा, मुळं कुजून राहिलेल्या बारीक नळ्यांच्या कडेला चमचमते कण बसलेले दिसतात, आणि माती भुसभुशीत असते, कण एकमेकांना धरून, म्हणजे पाण्याला वाट आहे. लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली मातीचा पातळ काप बघितला तर जिप्समचे खडे मसुरासारखे निमुळते दिसतात (म्हणजे जिप्सम तिथं बऱ्याचदा आधीच असतं!). साधं मीठ मात्र काप तयार करताना पाण्यावर घासला तर धुऊन जातं, तेल वापरावं लागतं, हे तिथं आवर्जून विचारा.

चोपणात उलटं. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटतात, पाण्याबरोबर खाली उतरतात आणि छिद्रं लिंपून टाकतात. कापात छिद्रं थोडी, गोल बुडबुड्यांसारखी, एकमेकांना न जोडलेली, म्हणून पाणी चार चार दिवस वरच उभं राहतं.

घरी करायचं असेल तर हरभऱ्याएवढा सुका खडा काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडा, बॅटरीत घालतो तेच, आणि अजिबात हलवू नका. खडा फुटून विस्कटला तरी पाणी नितळ राहिलं तर खारवट, खड्याभोवती दुधासारखं गढूळ पसरलं तर चोपण. विहिरीचं पाणी नको, ते खारं असेल तर कण सुटतच नाहीत.

पण हीच चाचणी एका ठिकाणी फसवते. क्षारही जास्त आणि सोडियमही जास्त असेल तर पाणी नितळच दिसतं, आणि मग तुम्ही नुसतं गोड पाणी सोडून क्षार धुतले की रान दगडासारखं घट्ट होतं, आमच्या ओढ्याकडच्या पट्ट्याचं हेच झालं, अजून हळहळ वाटते. म्हणून माती तपासणीचा रिपोर्ट घ्याच. ईसी (क्षार किती आहेत ते सांगणारा आकडा, डेसीसीमेन्स प्रति मीटर) 4 च्या वर, पीएच 8.5 च्या आत आणि ईएसपी (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची टक्केवारी) 15 च्या आत असेल तर खारवट, मग पैसे पाइप ड्रेनेजला, म्हणजे जमिनीखालून पाणी काढणाऱ्या पाइपांना घाला. ईएसपी 15 च्या वर गेला तर आधी जिप्सम, मग धुणं, आणि काळ्या रानात 15 च्या आतच त्रास सुरू होतो हे धरून चाला. निचरा मात्र दोन्हीकडं लागतोच.