एका टेबलावर सहा मुलांची घरशाळा : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

सहा मुलांना घरी शिकवतो म्हटलं की पहिला प्रश्न हटकून येतो, "म्हणजे रोज सहा वर्ग घेता?" नाही घेत. तसं करायला गेलो असतो तर आमची घरशाळा महिन्याभरात बंद पडली असती. आम्ही वर्षभर वापरली ती पद्धत साधी आहे. वाचन-लेखन आणि गणित ज्याचं त्याला वेगळं, बाकी सगळं एकत्र. धर्मशिक्षण, इतिहास, भूगोल, विज्ञान, मोठ्यानं वाचन या सगळ्याला विषय एक, टेबल एक, झेप मात्र ज्याची त्याची. अशाच मोठ्या कॅथलिक कुटुंबांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमची थोरली १४ वर्षांची. तिच्यामागे ११ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी, मग ७ आणि ४ वर्षांचे दोघे. शेंडेफळ अजून रांगतंय.

इयत्तावार तयार संच मिळतात आणि एक-दोन मुलं असतील तर ते चांगलेही असतात. पण आमच्या घरी हिशेब असा होतो : शिकण्याच्या वयाची चार मुलं, प्रत्येकाचे सहा विषय, म्हणजे रोजचे चोवीस धडे. एका धड्याला वीस मिनिटं धरली तरी आठ तास झाले. त्यात चार वर्षांच्या मुलाचे प्रश्न, बाळाचं दूध, कपडे, स्वयंपाक काहीच धरलेलं नाही. शिवाय एक मूल मध्ययुगात, दुसरं पहिल्या महायुद्धात आणि तिसरं वनस्पतींच्या पेशीत. जेवताना एकमेकांशी बोलायला सामायिक असं काही उरत नाही. मला हे दुसरं नुकसान जास्त मोठं वाटतं.

एकत्र शिकवण्याचा नमुना आम्हाला दर रविवारी मिस्सेतच, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, समोर दिसत होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची १९६२–६५ मधली सभा) मिस्सेतल्या बायबल-वाचनांची नवी मांडणी झाली आणि १९६९ च्या आगमनकाळापासून (नाताळच्या आधीचे आठवडे) रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरू लागली. एक वर्ष मत्तयानं लिहिलेलं शुभवर्तमान (येशूचं जीवन सांगणारं पुस्तक), एक वर्ष मार्कचं, एक लूकचं, आणि योहानाचं खास करून उपवासकाळ व पुनरुत्थानकाळात. मांडीवरचं मूल, शाळकरी पोरं, आजी-आजोबा सगळे तेच शुभवर्तमान ऐकतात. इयत्तेप्रमाणे कुणाला वेगळं वाचन मिळत नाही. तीन वर्षांनी तोच उतारा परत येतो, तोवर ऐकणारं मूल मोठं झालेलं असतं. आम्ही इतिहासालाही असंच चक्र लावलं : प्राचीन काळ, मध्ययुग, मग साधारण १८०० पर्यंतचा काळ आणि शेवटी आधुनिक काळ, अशी चार वर्षं. धाकटा मध्ययुगातच घुसला तरी बिघडत नाही, प्राचीन काळ त्याच्याकडे पुन्हा येणारच आहे.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते सांगते. पाच भाकरी आणि दोन मासे यांत येशूनं हजारोंना जेवू घातलं, हा प्रसंग घेतला. मी उतारा एकदाच, सावकाश वाचते. चार वर्षांचा चित्र काढतो, भाकरी पाचच हव्यात आणि मासे दोनच एवढीच अट. सात वर्षांचा एक ओळ सुवाच्य अक्षरात उतरवतो. नऊ वर्षांची पुस्तक मिटून प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगते. अकरा वर्षांचा तो वहीत लिहितो आणि नकाशात गालील सरोवर शोधतो. थोरली चारही शुभवर्तमानं उघडून बसते, कारण प्रभू येशूच्या पुनरुत्थानाआधीच्या चमत्कारांपैकी हा एकच चौघांनीही लिहिला आहे. मार्क हिरव्या गवताचा उल्लेख करतो. पाच हजार पुरुष, स्त्रिया आणि मुलं वेगळी, हे मत्तय सांगतो. भाकरी जवाच्या होत्या आणि त्या एका मुलाजवळ होत्या, हे फक्त योहानाकडे सापडतं. तिनं ते वाचून दाखवल्याबरोबर चार वर्षांच्यानं आपल्या चित्रात तो मुलगा घातला, स्वतःपेक्षा थोडा मोठा. हे मला कुठल्याच इयत्तावार संचात मिळालं नसतं.

ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणं आणि लहान मुलांचे धडे आखूड ठेवणं, ही शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंची पद्धत. मोठ्या कुटुंबात ती फार उपयोगी पडते, कारण तपासायच्या प्रश्नपत्रिकांचा ढीगच लागत नाही. एक नियम मात्र पाळावा लागतो : बोलायला सुरुवात सगळ्यात लहानानं करायची. मोठे आधी बोलले की लहान त्यांचंच वाक्य परत म्हणतात.

विज्ञान आणि इतिहास एकत्र बसतील का, ही शंका आम्हालाही होती. ती १५ ऑक्टोबरला, आविलाच्या संत तेरेजा या स्पॅनिश संतस्त्रीच्या सणाला फिटली. तिचा मृत्यू झाला ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री. दुसऱ्या दिवशीची तारीख होती १५ ऑक्टोबर, कारण पोप तेरावे ग्रेगरी यांची नवी दिनदर्शिका स्पेनमध्ये त्याच रात्री लागू झाली. मधल्या तारखा किती गेल्या, हे सात वर्षांच्यानं बोटांवर मोजलं : दहा. नऊ वर्षांचीनं १७००, १८०० आणि १९०० ही लीप वर्षं का नव्हती आणि २००० का होतं, तो नियम शोधला. अकरा वर्षांच्यानं ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं येतात असा हिशेब केला आणि भागाकारानं वर्षाची सरासरी लांबी ३६५.२४२५ दिवस काढली. जुन्या दिनदर्शिकेचं वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा साधारण ११ मिनिटांनी मोठं होतं. ती चूक साठत जाऊन वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होण्याचा दिवस) २१ मार्चवरून ११ मार्चच्या आसपास सरकला होता. पुनरुत्थानाच्या रविवारची (ईस्टरची) तारीख त्यावरच ठरते, म्हणून चर्चला या प्रश्नात हात घालावा लागला, हे थोरलीनं सगळ्यांना समजावलं. ख्रिस्तोफर क्लाविउस या येशूसंघीय गणितज्ञाचा या सुधारणेत मोठा वाटा होता, हेही तिनंच शोधून काढलं. एका संताच्या सणातून गणित, खगोल, इतिहास आणि उपासना सगळं निघालं. चर्चचं वर्ष हाताशी असताना वेगळा प्रकल्प शोधावा लागत नाही. श्रद्धा आणि विज्ञान एकमेकांच्या वाटेत येत नाहीत हे मुलांना भाषणातून सांगावंही लागत नाही. मठात वाटाण्यांवर प्रयोग करणारा मेंडेल आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे फादर लमेत्र त्यांना पुढे आपोआप भेटले.

दिवसाची सुरुवात चार वर्षांच्यापासून करायची, हा या वर्षातला सगळ्यात कामाचा बदल. सकाळच्या प्रार्थनेनंतरचा पहिला अर्धा तास पूर्ण त्याचा. आईचा वेळ त्याला मनसोक्त मिळाला की तो पुढे बराच वेळ एकटा रमतो. मग गणित पाळीपाळीनं : मी एकाबरोबर, एक जण बाळाबरोबर, बाकीचे आपापली उदाहरणं सोडवतात. दुपारी बाराला देवदूताची प्रार्थना, तिथे अभ्यास थांबतो. एकत्रचे विषय त्यानंतर. संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि तिची पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग) पाच मुलांनी चालवायची. चार वर्षांचा आपल्या दशकात नमो मरियाची संख्या चुकवतो, नऊ वर्षांची त्याला मणी दाखवते. आनंदाची, प्रकाशाची, दुःखाची आणि गौरवाची रहस्यं आलटून पालटून म्हणता म्हणता येशूच्या जीवनाचा क्रम सगळ्यांना तोंडपाठ झाला.

सात वर्षांच्याच्या पहिल्या कम्युनियनची (ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर पहिल्यांदा स्वीकारण्याची) तयारीही टेबलावरच झाली. समज आलेल्या मुलांना वाट पाहायला लावू नये, हे पोप दहावे पायस यांनी १९१० मध्येच सांगून ठेवलं, आणि या तयारीची जबाबदारी चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ९१४, आधी आईवडिलांवर टाकतं. पण फादरांना सुरुवातीलाच भेटा, वर्ष संपताना नाही. मूल तयार आहे का हे पाहण्याचं काम त्यांचं आहे, आणि चर्चच्या धर्मशिक्षण वर्गात नाव घालायचं की नाही हे त्यांच्याशी बोलूनच ठरवलेलं बरं. आमच्या मुलाची तयारी चालू असताना थोरली दृढीकरणाची (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची) तयारी करत होती. त्याचे प्रश्न तिला फार उपयोगी पडले. "भाकर दिसते तर शरीर कसं?" या प्रश्नाचं उत्तर सात वर्षांच्या मुलाला पटेल असं द्यायचं, तर स्वतःला नीट समजलेलं असावं लागतं.

आता उणिवा. या पद्धतीत लेखन मागे पडतं. तोंडी सगळं छान येतं आणि शुद्धलेखन कच्चं राहतं, विशेषतः मधल्या मुलांचं, कारण लहान रडून लक्ष वेधतात आणि मोठे प्रश्न विचारून. आम्ही शुक्रवारचा वेळ फक्त वह्यांसाठी राखला, एकेकाला जवळ घेऊन. दुसरं, चौदाव्या वर्षी एकत्र शिक्षण पुरत नाही. बीजगणित आणि रसायनशास्त्र थोरली बाहेरच्या शिक्षकांकडे शिकते, आणि परीक्षेला बाहेरून बसायचं तर अभ्यासक्रम परीक्षेप्रमाणेच घ्यावा लागतो. तिसरं सगळ्यात नाजूक : थोरल्या मुलीची दुसरी आई होता कामा नये. ती लहानांचं वाचन ऐकते, झालेला धडा समजावते, पण नवीन काही शिकवत नाही आणि तिच्या अभ्यासाच्या वेळात बाळ तिच्याकडे जात नाही. हे आम्ही लिहून भिंतीवर लावलं आहे. "सर्व वयोगटांसाठी" म्हणून घेतलेला विज्ञानाचा एक संच मात्र निव्वळ निराशा होती. सगळ्यांना तेच पान, फक्त मोठ्यांना प्रश्न जास्त.

आजारपण किंवा नवं बाळ असेल तेव्हा प्रार्थना, गणित, वाचन आणि झोपताना एक गोष्ट, बस्स. असे आठवडे आले आणि त्यात कुणी मागे पडलं नाही.

"आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक" असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं शिक्षणावरच्या १९६५ च्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे, आणि नातेवाइकांच्या शंकांना मी तेच उत्तर देते. पण त्याचा अर्थ शाळा वाईट असा मुळीच नाही. दोन्ही पालक दिवसभर कामावर असतील, आईची तब्येत साथ देत नसेल, किंवा मुलालाच सवंगड्यांत राहून शिकायला आवडत असेल, तर चांगली शाळा निवडावी आणि धर्मशिक्षण घरी करावं. कायदाही आधी पाहा. जर्मनीसारख्या देशात शाळेत जाणं सक्तीचं आहे, फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी लागते, काही देशांत नुसती नोंदणी पुरते.

नव्यानं सुरू करणार असाल तर पहिले काही आठवडे गणित, वाचन आणि येत्या रविवारचं शुभवर्तमान एवढंच ठेवा. ते अंगवळणी पडलं की इतिहास जोडा, विज्ञान त्याच्याही नंतर. आणि धाकट्याची सकाळची अर्धा तासाची वेळ पहिल्या दिवसापासून राखून ठेवा.