तापकीर गल्लीतील लॅपटॉप-दुरुस्तीचे दुकान

दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या जुन्या लॅपटॉपची पासवर्डने बंद झालेली हार्ड डिस्क मी पुण्याच्या बुधवार पेठेतील या दुकानात नेली, तेव्हा तेथील कारागिरांनी सर्वप्रथम खरेदीची पावती मागितली, आणि मला ते अत्यंत योग्य वाटले. हा पासवर्ड लॅपटॉपमध्ये नव्हे, तर डिस्कमध्येच साठवलेला असतो. त्यामुळे मदरबोर्डवरील सेल काढून किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तो जात नाही, आणि कुलूप असेपर्यंत साधे फॉरमॅटही होत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष जोडून दाखवले. आधीच्या मालकाकडून पासवर्ड मिळवावा, अन्यथा हार्ड डिस्कच्या जागी नवी एसएसडी (माहिती साठवणारी चिप-आधारित डिस्क) बसवावी, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तपासणीचे पैसे मात्र घेतले नाहीत. दुकान अरुंद आहे, संध्याकाळी बराच वेळ थांबावे लागते. एसएसडी मी तेथूनच घेतली.