बेल्व्हेडेर: चित्रांआधी वास्तू पाहावी

व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर या जोडमहालाला येणारे बहुतेक प्रवासी गुस्टाव्ह क्लिम्टच्या ‘चुंबन’ या चित्रासाठी येतात, थेट वरच्या महालाच्या दाराशी उतरतात आणि तासा-दीड तासात बाहेर पडतात. अशाने चित्र पाहून होते, वास्तू मात्र राहून जाते. माझा आग्रह असा की येथे खालून वर जावे. ७१ क्रमांकाच्या ट्रामने रेनव्हेग रस्त्यावर उतरावे, आधी खालचा महाल पाहावा, मग चढती बाग ओलांडावी आणि शेवटी वरच्या महालात शिरावे. ही दोन घरे याच क्रमाने बांधली गेली.

ती बांधणारा सॅव्हॉय घराण्यातला राजपुत्र यूजीन १६६३ साली पॅरिसमध्ये जन्मला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने त्याला आपल्या सैन्यात घेण्याचे नाकारले, तेव्हा तो व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग सम्राटाच्या चाकरीत आला, आणि १६९७ मध्ये झेंटा येथे व १७१७ मध्ये बेलग्रेड येथे उस्मानी (तुर्की) फौजांचा पराभव करून आपल्या काळातील थोर सेनापतींत गणला गेला. शहराच्या तटाबाहेरची ही उताराची जमीन त्याने विकत घेतली आणि काम योहान लुकास फॉन हिल्डेब्रांट या वास्तुकाराकडे सोपवले. खालचा महाल १७१४ ते १७१६ या काळात झाला. तो राहण्यासाठी होता. वरचा १७२१ ते १७२३ मध्ये उभा राहिला, आणि तो पाहुण्यांना दिपवण्यासाठी होता. हा भेद ध्यानात ठेवून पाहिले, की खालच्या घराचे बुटके, बसके रूप आणि वरच्याचा डौल या दोहोंचा अर्थ लागतो.

खालच्या महालात आता मुख्यतः बदलती प्रदर्शने भरतात. तेथे काय लागले आहे यावर फार अवलंबून राहू नये. मार्तिनो आल्तोमोंतेने रंगवलेले छत असलेला संगमरवरी दिवाणखाना आणि सोन्याने मढवलेले, आरशांचे छोटे दालन एवढ्यासाठीही तिकीट वसूल होते.

बाग व्हर्सायची उद्याने आखणाऱ्या ल नोत्रच्या परंपरेत शिकलेल्या दोमिनिक जिरारची. कारंजी, पायऱ्यांचे धबधबे आणि दगडी स्फिंक्स यांच्यामधून वर चढताना वरचा महाल आधी छपरापुरता दिसतो, मग हळूहळू पुरा उलगडतो. बागेत शिरायला तिकीट लागत नाही.

वरच्या महालात पाऊल टाकताच साला तेरेना हे दालन लागते. खांबांच्या जागी उभे असलेले चार दगडी पुरुष-पुतळे, म्हणजे अ‍ॅटलास, येथे छताचा भार खांद्यावर घेऊन वाकले आहेत, आणि ते केवळ शोभेसाठी आहेत असे कोणालाही वाटावे. वास्तविक १७३२-३३ च्या हिवाळ्यात हे दालन खचण्याच्या बेतात आले, तेव्हा हिल्डेब्रांटला नवी कमानदार छतरचना करून ती या खांबांवर तोलावी लागली. बांधकामातली अडचण कारागिराने इतक्या देखण्या रीतीने सोडवल्याचे उदाहरण मला दुसरे चटकन आठवत नाही. या पुतळ्यांपाशी थांबणारे लोक थोडे, याचे वाईट वाटते.

जिना चढून गेल्यावर दोन मजले उंचीचा, तांबूस-तपकिरी संगमरवराचा भव्य दिवाणखाना येतो. १५ मे १९५५ रोजी याच दिवाणखान्यात ऑस्ट्रियाच्या राज्यकरारावर दुसऱ्या महायुद्धातील चार विजेत्या राष्ट्रांच्या आणि ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या आणि दहा वर्षांच्या परकीय ताब्यानंतर देश पुन्हा सार्वभौम झाला. ऑस्ट्रियन माणसाच्या लेखी हे दालन चित्रांहूनही मोलाचे असेल, तर त्यात नवल नाही.

महालाचे संग्रहालय झाले ते मात्र त्याच्या कितीतरी आधी. यूजीन १७३६ मध्ये अविवाहित वारला; वारस झालेल्या पुतणीने मालमत्ता विकायला काढली आणि १७५२ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने हे महाल विकत घेतले. पुढे राजघराण्याचा चित्रसंग्रह वरच्या महालात आणला गेला आणि १७८१ मध्ये तो सर्वसामान्यांसाठी खुला झाला, म्हणजे पॅरिसमधील लूव्हर खुले होण्याच्या बारा वर्षे आधी. मांडणीचे काम पाहणाऱ्या क्रिस्टियान फॉन मेशेलने चित्रे केवळ भिंती भरण्यासाठी न लावता शैली आणि काळ यांच्या क्रमाने लावली. आज कोणत्याही कलादालनात आपण जो क्रम गृहीत धरतो, त्याची फार जुनी पायवाट येथून जाते. १८९१ मध्ये हा संग्रह रिंगरस्त्यावरील नव्या कलासंग्रहालयात गेला, काही वर्षे युवराज फ्रान्त्स फर्डिनांड येथे राहिला, आणि १९०३ मध्ये खालच्या महालात आधुनिक चित्रांचे दालन उघडले.

क्लिम्टचे चित्र त्या दालनासाठी सरकारने १९०८ मध्येच खरेदी केले होते. दोन्ही बाजूंनी १८० सेंटिमीटरचे हे चित्र छापील प्रतींमधून इतके ओळखीचे झाले आहे की प्रत्यक्षात काही नवे दिसणार नाही असे वाटते. तसे होत नाही. सोन्याचा वर्ख जवळून जागोजागी खडबडीत दिसतो, आणि बाजूला सरकले की त्याची चमक बदलते. त्यासाठी सकाळची पहिली वेळ घ्यावी, कारण नंतर या चित्रासमोर गर्दी होते. एगोन शीलेची चित्रे त्या मानाने शांतपणे पाहता येतात, आणि ‘मृत्यू आणि कुमारिका’ या १९१५ च्या चित्रापुढे शांतता हवीच. फ्रान्त्स क्साव्हर मेसरश्मिटचे वेडेवाकडे चेहरे करणारे अठराव्या शतकातील पुतळे लहान मुलांनाही खिळवून ठेवतात. क्लिम्टनेच रंगवलेले आडेल ब्लॉख-बाउअरचे सोनेरी व्यक्तिचित्र मात्र येथे शोधू नये. नाझींनी लुबाडलेले ते चित्र लवादाच्या निर्णयानंतर २००६ मध्ये वारसांना परत मिळाले आणि आता न्यूयॉर्कमध्ये आहे.

दोन्ही महालांसाठी किमान अर्धा दिवस ठेवावा. तिकीट वेळ ठरवून आधीच काढलेले बरे. बाहेर पडण्यापूर्वी वरच्या मजल्यावरून बागेच्या दिशेने पाहावे. बाग, खालचा महाल आणि त्यापलीकडे सेंट स्टीफनच्या चर्चचा मनोरा एकाच नजरेत येतात. बेर्नार्दो बेलोत्तोने साधारण १७६० मध्ये येथूनच शहराचे चित्र काढले. ते चित्र रिंगरस्त्यावरील कलासंग्रहालयात आहे, आणि दुसऱ्या दिवशी ते पाहायला गेल्यास ही खिडकी पुन्हा आठवते.