गॅस खाली बसतो: कॅरॅव्हॅनमधले आठ महिने

कॅरॅव्हॅन घेतली तेव्हा गॅसबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती: वास आला की बंद करायचा. आठ महिने वापरून झाल्यावर सांगतो, नाकावर विसंबू नका. माझं नाक तर ऐन वेळी सर्दीने चोंदलेलं होतं.

सुरुवात थंडीपासून करतो. गाडीसोबत ब्युटेनचा अर्धा भरलेला सिलिंडर मिळाला होता. उन्हाळाभर त्याने तक्रार केली नाही. पहिल्याच कडाक्याच्या रात्री, पारा शून्याला टेकला तशी शेगडीची ज्योत मलूल झाली आणि विझली. सिलिंडर हलवला तर आत द्रव डुचमळत होता! ब्युटेन साधारण शून्याच्या आसपासच उकळतो. त्याखाली तो द्रवच राहतो, वाफ देत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देत राहतो. त्यानंतर आम्ही सहा किलोचे दोन प्रोपेनचे सिलिंडर घेतले. एक चालू, एक राखीव.

दोन्ही पट्ट्याने बांधून उभेच ठेवतो. आडवा पडला तर वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि मग शेगडीवर हातभर ज्वाळा उठू शकते. रेग्युलेटर भिंतीवर, सिलिंडरच्या तोंडापेक्षा वर आहे. नळीत तेलकट चिकटा साचतो, तो उतारामुळे परत सिलिंडरकडे जातो, रेग्युलेटर तुंबत नाही. नळी मात्र गाडीसोबतचीच होती. तिच्यावरची तारीख वाचायला मला दोन महिने लागले. सात वर्षांची निघाली, वाकवली की बारीक भेगा दिसायच्या. त्याच दिवशी बदलली. आमच्या जोडाचे आटे उलटे आहेत, हे कळेपर्यंत मी पाना उलट्या दिशेनेच जोर लावून फिरवत होतो. सिलिंडर बदलला की जोडावर साबणाचं पाणी लावतो. फुगे आले की गळती. काडी ओढून बघणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

आता ती सकाळ. कॅरॅव्हॅनच्या जमिनीला स्वयंपाकाच्या ओट्याखाली जाळीचं भोक आहे. रात्री तिथून पायांवर गार वारा यायचा, म्हणून मी जुना टॉवेल कोंबला. फार शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं होतं. दोन दिवसांनी दूध उतू गेलं आणि लहान बर्नर विझला. विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी झडप त्या बर्नरला आहे, पण तीच अडकलेली होती. आम्ही अंथरुणं आवरण्यात गुंतलेलो. मला काही कळलं नाही, पण घोट्याच्या उंचीवर लावलेला गॅसचा अलार्म किंचाळला. बायकोने आधी बटण, मग सिलिंडरचा कॉक बंद केला, दार उघडलं आणि मला दिव्याला हात लावू दिला नाही. बाहेर आल्यावर विचारलं, "अहो, तो टॉवेल कुणी कोंबला?"

उत्तर तिला ठाऊक होतं. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. तो वर खिडकीकडे जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो आणि त्या भोकातून बाहेर पडतो; भोक नेमकं त्यासाठीच असतं. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास प्रोपेन झाला की ठिणगी पुरते. अडकलेली झडप मेकॅनिकने बदलून दिली. टॉवेल आता भांडी पुसायला आहे, आणि गार वाऱ्यासाठी आम्ही मोजे घेतले.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लागतो, आणि तो खाली लावायचा नसतो. तो वायू हवेत मिसळतो, त्याला वासही नाही. हीटरच्या धुराड्यावर तंबूचं कापड येतंय का, हे गाडी उभी केली की बघतो. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, भांड्याला काजळी धरली की शेगडी बंद. शेगडीवर खोली ऊबदार करायची नाही, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

खप: नुसत्या स्वयंपाकाला एक सिलिंडर जवळपास महिनाभर पुरला. फ्रिज गॅसवर चालवला की दोन आठवडे. हीटर रात्रभर चालला तर पाचव्या दिवशी राखीव जोडावा लागला. किती उरला हे ओळखायला मी ध्वनिलहरींवर चालणारं एक यंत्र घेतलं होतं. ते दर वेळी वेगळं सांगायचं. शेवटी सामान तोलायचा आकड्याचा काटा आणला. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, ते वजा केलं की झालं.

गाडी निघायच्या आधी सिलिंडरचे कॉक बंद आणि फ्रिज बॅटरीवर, हा माझा नियम. पेट्रोल भरायला थांबताना तर नक्कीच. सवय लागायला वेळ गेला. एकदा फ्रिजची ज्योत तशीच जळत ठेवून पंपापर्यंत पोहोचलो होतो. मागे वळून लांब उभं राहावं लागलं, रांगेतल्या लोकांच्या शिव्या खात.