फ्लायब्रिज की हार्डटॉप? जालन्याहून समुद्र गाठणाऱ्यांसाठी

पन्नास फुटांच्या आसपासची मोटर यॉट घ्यायची, बोट मुंबईतच राहणार आणि आपण जालना, लातूर, संभाजीनगरहून वर्षाला आठ-दहा वेळा जाणार, एवढं ठरलं असेल तर मोठा प्रश्न एकच उरतो. वर उघडा मजला असलेली फ्लायब्रिज घ्यावी, की एकाच मजल्याची, सरकत्या छताची हार्डटॉप? इंजिनं, टाक्या, केबिनची संख्या या आकारात उन्नीस-बीस असते, त्यात वेळ घालवत नाही. आम्ही तिघा भावांनी दोन हंगाम दोन्ही प्रकार भाड्यानं घेऊन पाहिले. मग गेल्या हिवाळ्यात एक वापरलेली बोट घेतली, कारण नव्यावर आता ४० टक्के जीएसटी आहे.

फ्लायब्रिजची मजा खरी आहे, ती आधी मान्य करतो. गेटवे मागे टाकून दक्षिणेला निघालं आणि खांदेरी दिसू लागली की वर बसलेल्याला तटबंदी आणि दीपस्तंभ एका नजरेत येतात. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत गेली, तेव्हापासून आमच्या घरातल्या पोरांना तिकडेच जायचं असतं. आमच्या तांडेलालाही, म्हणजे बोट चालवणाऱ्यालाही, वरचं सुकाणू आवडायचं. कोळ्यांच्या जाळ्यांचे तरंगते बोये वरून लांबूनच दिसतात, आणि या पाण्यात जाळं बोटीच्या पंख्यात अडकणं ही साधी गोष्ट नाही. जागाही भरपूर. पाहुणे जास्त असतील तर फ्लायब्रिजला तोड नाही.

आता अडचण. आमचं आजोळ पैठणचं, त्यामुळे पाणी म्हणजे आमच्यासाठी नाथसागर. तिथं वारा सुटला की लाटा येतात त्या आखूड, एकामागं एक. समुद्राची उसळी वेगळी. लांबून, सावकाश येते आणि नांगरलेली बोट आडवी सापडली की तिला या कुशीवरून त्या कुशीवर झुलवते. जितकं उंच बसाल तितका झोका मोठा, आणि वरच्या मजल्याचं वजनही त्यात भर घालतं. त्यावर उपाय म्हणून जायरो मिळतो, म्हणजे झोका कमी करायला बोटीत बसवलेलं वेगानं फिरणारं जड चाक. भोवरा जोरात फिरला की आडवा होत नाही, तोच प्रकार. पण तो पूर्ण वेग घ्यायला अर्धा-पाऊण तास घेतो, आणि नांगरावर असताना त्यासाठी जनरेटर चालू ठेवावा लागतो. शांत बसायला गेलेल्या माणसाच्या कानाशी दिवसभर घरघर.

तरी झोक्याची सवय झाली असती. आमचा निर्णय झाला तो जिन्यावर.

फ्लायब्रिजचा जिना उभा असतो, पायऱ्या अरुंद, आणि आम्ही भाड्यानं घेतलेल्या दोन्ही फ्लायब्रिजवर त्या मधून उघड्या होत्या. आई बहात्तर वर्षांची, गुडघे दुखतात, नेसणं नऊवारी. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, बोट हलली, तिनं कठडा धरला आणि म्हणाली, "तुम्ही बसा रे वर, मी इथंच बरी." मग दिवसभर एक सून आळीपाळीनं खाली तिच्याजवळ. घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा खालच्या ओट्यावर आणि खाणारी माणसं वर. ताट घेऊन कुणीतरी सतत जिन्यात. दोनदा आईनं खालून विचारलं, "काय दिसतंय रे तिकडं?" आम्ही वरून ओरडून सांगितलं, खांदेरी. जालन्याहून पहाटे निघून समृद्धीनं एवढं अंतर कापायचं आणि आईला किल्ला ओरडून सांगायचा, हे मला सहन झालं नाही. दुसऱ्या खेपेला दुसरी फ्लायब्रिज होती, पण दिवस तसाच गेला.

हार्डटॉपमध्ये सुकाणू, बैठक, स्वयंपाकाचा ओटा आणि मागचं अंगण एकाच पातळीवर येतं. सगळ्याच बोटींत नाही. काहींत ओटा चार पायऱ्या खाली असतो, तशी घेऊ नका. ओटा मागच्या काचेच्या दाराला लागून हवा. दार उघडलं की आतला आणि बाहेरचा माणूस एकाच पंगतीत. छत सरकवलं की आभाळ वरून आत येतं. आईची जागा आता तांडेलाच्या शेजारी ठरलेली आहे.

हार्डटॉपचे त्रासही सांगतो. पुढची तिरकी काच मे महिन्यात आतली हवा तापवते. आपल्याकडच्या उन्हाची सवय तिथं कामी येत नाही, कारण पाण्यावरून ऊन परत येतं. एसी जास्त चालवावा लागतो, म्हणजे जनरेटर इथंही सुटत नाही. सरकत्या छताच्या रबरी पट्ट्या खाऱ्या हवेत कडक होतात. आमचं छत एकदा अर्ध्यात अडकलं होतं, आणि पावसाळ्यात बोट उभी असताना एका कोपऱ्यातून पाणी झिरपलं. दरवर्षी पट्ट्या तपासाव्या लागतील, हे धरून चाला. बोये लवकर दिसत नाहीत म्हणून वेगही जरा कमी ठेवावा लागतो.

घरात सगळे धडधाकट असतील, पोरं मोठी असतील किंवा बोट मुख्यतः धंद्यातल्या पाहुण्यांसाठी असेल, तर कदाचित फ्लायब्रिजच बरी पडेल. माझ्या एका मेहुण्यानं तीच घेतली आणि तो समाधानी आहे. पण व्यवहार करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला एकदा सोबत न्या. तेही ओहोटीला, गेटवेच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं तेव्हा. तिथून छोट्या होडीत, होडीतून यॉटच्या मागच्या फळीवर, आणि फळीवरून जेवायच्या जागेपर्यंत त्यांना चालू द्या. आधाराला हात किती वेळा द्यावा लागला, ते मोजा.